आकारात दडलेले कार्य
आतड्यातील संप्रेरकांच्या घडीविषयी थोडेसे, आणि आपल्या दवाखान्यातील अतिसाराविषयी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार या विषयांवर विद्वान सहकाऱ्यांचे लेख येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. यंदा मी मात्र एका लहानशा रेणूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हा रेणू आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात आहे, त्याची लांबी जेमतेम १५ अमिनो आम्लांची आहे, आणि त्याचे सारे सामर्थ्य तो कसा दुमडला आहे यावर अवलंबून आहे. विषय जैवरसायनाचा असला तरी तो चोपडे, मोरजी, मांद्रे या परिसरात पावसाळ्यात प्रत्येक दवाखान्यासमोर उभा राहणाऱ्या एका जुन्या दुखण्याशी येऊन मिळतो. म्हणून डॉक्टर नसलेल्या वाचकांनीही तो सोडून देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

संप्रेरकांचे मूळ घर : आतडे

‘संप्रेरक’ म्हटले की सामान्य वाचकाला थायरॉइड आठवते, फार तर इन्सुलिन. परंतु वैद्यकाच्या इतिहासात संप्रेरक म्हणून ओळखले गेलेले पहिले द्रव्य आतड्यातले होते. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बेलिस आणि स्टारलिंग या दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी लहान आतड्याच्या आतील अस्तराचा अर्क काढून तो कुत्र्याच्या रक्तात सोडला, आणि स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. त्या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ हे नाव दिले. ‘हार्मोन’ हा शब्द स्टारलिंगने त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ साली, प्रथम योजला. त्यानंतर गॅस्ट्रिन, कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ अशी अनेक द्रव्ये आतड्यातून हाती आली. शरीरातील सर्वांत मोठी अंतःस्रावी ग्रंथी कोणती, या प्रश्नाचे उत्तर ‘आपले आतडे’ असे दिले जाते ते याचमुळे.

ही बहुतेक संप्रेरके म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या होत. साखळीत कोणते मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती साखळी अवकाशात कशी वळते हेही महत्त्वाचे. साखळीला वाटेल तसे वळता येत नाही. तिच्या प्रत्येक सांध्याला काही कोन मानवतात, काही मानवत नाहीत. हे कोन कोणते, याचा नकाशा १९६३ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. जगातील प्रत्येक प्रथिनशास्त्रज्ञ आजही तो ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने वापरतो.

आतड्यातील संप्रेरकांचे आकाराच्या दृष्टीने ढोबळमानाने दोन वर्ग करता येतील. पहिल्या वर्गातील संप्रेरके सैल असतात. सिक्रेटिन किंवा जीएलपी-१ पाण्यात असताना निश्चित आकार धरून राहत नाही. पेशीपटलाजवळ आणि आपल्या ग्राहीच्या खोबणीत शिरताना ते मळसूत्रासारखे वळते आणि मगच काम करते. अशा सैल साखळीला विकरे सहज तोडतात. म्हणूनच नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात अवघी काही मिनिटे टिकते, आणि मधुमेहासाठी व लठ्ठपणासाठी सध्या गाजत असलेली त्याच्या कुळातील औषधे तयार करताना साखळीत बदल करून ती टिकाऊ करावी लागली.

दुसऱ्या वर्गातील संप्रेरके मात्र रक्तात किंवा आतड्यात येण्यापूर्वीच घट्ट बांधलेली असतात. त्यांची घडी गंधकाच्या पुलांनी पक्की केलेली असते. या वर्गातील ‘ग्वानिलिन’ आणि ‘युरोग्वानिलिन’ ही दोन भावंडे या लेखाचा विषय आहेत. गंमत अशी की, ही संप्रेरके सापडण्याच्या कितीतरी आधी त्यांची नक्कल करणारे विष सापडले होते. म्हणून हकिकत विषापासूनच सांगावी लागेल.

परळ, कोलकाता आणि जुलाबाचे विष

पटकीत माणसाच्या अंगातील पाणी काही तासांत का निघून जाते, हा प्रश्न रॉबर्ट कॉखपासून वैद्यकाला छळत होता. आतड्याचे अस्तर झडते म्हणून, असे एक उत्तर दीर्घकाळ मान्य होते. ते बदलण्याचे काम भारतात झाले, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता आणि हब्बू यांनी १९५५ साली सशाच्या पिलांमध्ये पटकी निर्माण करून दाखवली. पुढे १९५९ साली त्याच संस्थेतील दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जंतू न देता, केवळ जंतूंपासून काढलेल्या द्रव्याने पिलांना तसाच अतिसार होतो, हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कोलकात्यात शंभूनाथ दे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतूविरहित गाळीव द्रव सोडला आणि तो तुकडा पाण्याने फुगतो, हे दाखवून दिले. अपराधी जंतू खरा, पण त्याचे हत्यार म्हणजे त्याने सोडलेले विष, हा निष्कर्ष या प्रयोगांनी पक्का केला.

दे यांनी १९५६ सालीच अतिसाराच्या रुग्णांमध्ये सापडलेल्या काही ई. कोलाय जंतूंवरही अशीच चाचणी केली होती. ई. कोलाय हा खरे तर आपल्या आतड्यातील नित्याचा रहिवासी. पण त्याच्या काही जाती विष बनवतात. १९७० साली स्मिथ आणि जाइल्स यांनी या विषांचे दोन प्रकार वेगळे केले. एक तापवल्यावर निकामी होणारे आणि दुसरे तापवूनही शाबूत राहणारे. या दुसऱ्याला ‘उष्णतास्थिर आंत्रविष’ म्हणतात. आपल्या विषयाशी संबंध आहे तो याच विषाचा.

उकळत्या पाण्यात पाव तास ठेवले तरी हे विष जसेच्या तसे राहते. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही; कारण त्यातील प्रथिनांच्या नाजूक घड्या उष्णतेने उसवतात. मग हे विष का उसवत नाही? त्याची साखळी माणसात आढळणाऱ्या प्रकारात १९ अमिनो आम्लांची आहे, आणि त्यांपैकी तब्बल सहा मणी सिस्टीन नावाचे, म्हणजे गंधक असलेले आहेत. दोन सिस्टीन जवळ आले की त्यांच्या गंधकांमध्ये पूल तयार होतो. सहा सिस्टीनचे तीन पूल. आपल्या शापोरा नदीवर जाळे विणणारा रापणकार जशी प्रत्येक गाठ आवळून घेतो, तशी ही इवलीशी साखळी तीन ठिकाणी आवळलेली आहे. उष्णता ती उसवू शकत नाही. परंतु गंधकाचे पूल तोडणारे रसायन घातले की तेच विष निरुपद्रवी होते. मणी तेच, क्रम तोच. घडी गेली आणि गुण गेला. आकार आणि कार्य यांच्या नात्याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. ‘विष उकळूनही टिकते, मग पाणी उकळून काय उपयोग?’ असे कोणी विचारील. उपयोग पूर्ण आहे. हा आजार होतो तो जिवंत जंतू पोटात जाऊन, लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून, तेथे विष बनवू लागतात म्हणून. पाण्याला खळखळून उकळी आली की जंतू मरतात आणि विषाचा कारखानाच बंद पडतो. विष उष्णतेला दाद देत नाही, ही प्रयोगशाळेतील ओळखीची खूण आहे. ती चुलीवरच्या आधणाला दोष देण्याचे निमित्त होऊ नये.

कुलूप आपले, किल्ली परकी

१९७८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, हे विष आतड्याच्या पेशींत ‘सायक्लिक जीएमपी’ नावाच्या निरोप्याचे प्रमाण वाढवते. १९९० साली ज्या ग्राहीला हे विष चिकटते त्याचा जनुक हाती आला. त्या ग्राहीचे नाव ग्वानिलेट सायक्लेज-सी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. संध्या विश्वेश्वरय्या यांनी या ग्राहीवर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

आता एक तर्क पाहा. आपल्या आतड्याने जंतूच्या सोयीसाठी कुलूप कशाला बसवून ठेवले असेल? कुलूप आहे म्हणजे घरातलीच एखादी मूळ किल्ली असली पाहिजे. जंतूने तिची नक्कल केली असावी. या तर्काने उंदराच्या आतड्याचे अर्क तपासले गेले, आणि १९९२ साली करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती किल्ली सापडली. तीच ‘ग्वानिलिन’. पुढच्याच वर्षी ओपॉसम या प्राण्याच्या मूत्रातून तिचे भावंड मिळाले, ते ‘युरोग्वानिलिन’. आतड्यात क्षार आणि पाणी किती सुटावे, श्लेष्मल आवरण किती ओलसर राहावे, हे ठरवण्याचे काम ही संप्रेरके करतात. युरोग्वानिलिनचा मूत्रपिंडातून मीठ बाहेर टाकण्याशीही संबंध आढळला आहे. दोघांची विभागणीही मोठी शहाणपणाची आहे. जठरातून आलेल्या आंबट द्रवात युरोग्वानिलिन अधिक प्रभावी ठरते, तर जेथे द्रव अल्कधर्मी असतो तेथे ग्वानिलिन.

नक्कल किती हुबेहूब आहे ते आकड्यांत पाहू. विषाच्या साखळीतील कामाचा भाग १३ मण्यांचा आहे. मानवी ग्वानिलिनचे शेवटचे १३ मणी त्याच्या शेजारी मांडले तर आठ ठिकाणी तेच मणी दिसतात. युरोग्वानिलिनच्या बाबतीत ही संख्या दहा होते. फरक आहे तो मुख्यतः पुलांचा. संप्रेरकांत सिस्टीन चारच आहेत, म्हणून पूल दोन. विषात सहा, म्हणून पूल तीन. हा एका पुलाचा फरक किती मोठा अनर्थ घडवतो, ते आता पाहावयाचे आहे.

एकच साखळी, दोन वळणे

चार सिस्टीनच्या जोड्या लावण्याच्या तीनच रीती आहेत. त्यांपैकी एकाच रीतीने लावलेल्या जोड्या संप्रेरकाला सक्रिय करतात : पहिल्याची तिसऱ्याशी, दुसऱ्याची चौथ्याशी. प्रयोगशाळेत नुसती १५ मण्यांची साखळी बनवून तिला आपण होऊन जुळू दिले तर बहुतेक साखळ्या चुकीच्या जोडीने जुळतात. मग शरीरात ती बिनचूक कशी जुळते? शरीर हे संप्रेरक एकटे बनवत नाही. ते एका बऱ्याच मोठ्या पूर्वप्रथिनाच्या शेपटाशी बनवते. तो मोठा भाग साच्याचे काम करतो. चवथीच्या दिवसांत साच्यात नेवरी दाबावी आणि कडा जुळल्यावर साचा उघडावा, त्याप्रमाणे जोड्या नीट जुळल्यावर विकरे साचा कापून टाकतात आणि संप्रेरक मोकळे होते. शिवाय साचा असेपर्यंत संप्रेरकाचा कामाचा भाग झाकलेला राहतो, त्यामुळे ते अवेळी काम करू शकत नाही.

पण सर्वांत नवलाची गोष्ट याच्या पुढची आहे. जोड्या अगदी बरोबर जुळल्या, तरीही साखळीला दोन निरनिराळी रूपे घेता येतात. १९९४ साली ग्वानिलिनच्या द्रावणाचा चुंबकीय अनुस्पंदनाने अभ्यास करताना एका साखळीऐवजी दोन साखळ्यांच्या खुणा दिसू लागल्या. मणी तेच, क्रम तोच, गंधकाचे पूलही तेच. पण एका रूपात साखळी उजव्या आट्याने वळते आणि दुसऱ्यात डाव्या. त्यांना ‘ए’ रूप आणि ‘बी’ रूप अशी नावे मिळाली. ही दोन रूपे आरशातील प्रतिबिंबे नव्हेत, हे लक्षात ठेवावे, कारण दोन्हींतील मणी एकाच हाताचे आहेत. वेगळेपण आहे ते धागा पुलाच्या कोणत्या बाजूने गेला यात. अबोलीचा वळेसार गुंफताना धागा देठाच्या पुढून घेतला काय आणि मागून घेतला काय, फुले तेवढीच राहतात. पण वळेसार निराळा दिसतो.

वळेसाराला त्याने फारसे बिघडत नाही. ग्राहीला मात्र बिघडते. युरोग्वानिलिनची दोन्ही रूपे १९९८ साली वेगळी करून तपासली गेली, तेव्हा ‘ए’ रूप सक्रिय आणि ‘बी’ रूप जवळजवळ निष्क्रिय असल्याचे स्पष्ट झाले. उजव्या आट्याच्या स्क्रूला डाव्या आट्याची चाकी बसत नाही, तसाच हा प्रकार. ग्वानिलिनमध्ये ही दोन रूपे एकमेकांत सहज पालटत राहतात. युरोग्वानिलिनच्या टोकाला एक मणी जादा आहे, आणि त्या एका मण्याच्या अडसरामुळे हा पालट अतिशय मंद होतो.

आता विषाकडे परत येऊ. १९९१ साली जपानी शास्त्रज्ञांनी विषाच्या कामाच्या भागाचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याचा आकार पाहिला होता. तोही उजव्या आट्याचा, म्हणजे ‘ए’ रूपाचाच. परंतु विषाला ‘बी’ रूपात जाण्याची मुभाच नाही. त्याचा तिसरा पूल त्याला त्याच आकारात जखडून ठेवतो. आपल्या घरच्या संप्रेरकाला सैल होण्याची, पालटण्याची, विकरांकडून तुटण्याची सोय आहे. म्हणून त्याचा निरोप मोजका असतो आणि काम झाल्यावर थांबतो. विष तेवढेच सांगते, पण ते अनेक पटींनी जोराने सांगते आणि थांबतच नाही. मला या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाचा धडा हाच वाटतो. संप्रेरकाचे संप्रेरकपण ग्राहीत नेमके बसण्यात आहे, तितकेच ते वेळेवर सोडून देण्यात आहे.

जुलाब, पाणी आणि आजी

आता दवाखान्यात येऊ. विष ग्राहीला चिकटले की पेशीत सायक्लिक जीएमपी वाढते. त्याचे दोन परिणाम होतात. क्लोराइड बाहेर सोडणारी ‘सीएफटीआर’ ही वाट सताड उघडते, आणि सोडियम आत घेणारी एक मुख्य वाट बंद होते. मीठ आतड्याच्या पोकळीत साचते, आणि मिठाच्या मागोमाग पाणी. आतड्याला जखम नसते, पू नसतो, रक्त नसते. फक्त पाणी वाहत असते.

हा प्रश्न आपल्या गोव्याला परका नाही. मोम्बासा, माँटेगो बे आणि गोवा या तीन ठिकाणी विदेशी प्रवाशांना झालेल्या अतिसाराचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात विष बनवणारा ई. कोलाय हा ठळकपणे आढळलेल्या जंतूंपैकी एक होता. प्रवासी चार दिवस खोलीत पडून राहतो आणि बरा होऊन जातो. खरी किंमत मोजतात ती लहान मुले. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतील सात ठिकाणी झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत बालकांच्या मध्यम ते तीव्र अतिसारामागील चार प्रमुख कारणांत उष्णतास्थिर विष बनवणारा ई. कोलाय होता. नुसते उष्णतेने मोडणारे विष बनवणाऱ्या जातींचे महत्त्व त्या मानाने कमी दिसले. अर्थात घट्ट घडीचे विषच अधिक घातक.

माझ्याकडे येणाऱ्या बालकांबरोबर बहुधा आजी असते. सकाळपासून दहाबारा जुलाब झालेले, डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. आणि आजी सांगते की, पाणी बंद ठेवले आहे, कारण पाणी दिले की सारे बाहेर पडते. ही समजूत पेडणे महालात मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता तिचे उत्तर मी याच विषयातून देतो. मी तिला सांगतो, ‘आजी, आतड्याच्या एका कुलपात चोराची किल्ली अडकली आहे आणि दार उघडे राहिले आहे. तुम्ही पाणी द्या अथवा न द्या, ते दार वाहणारच. ते पाणी तुमच्या पेल्यातले नाही, नातवाच्या रक्तातले आहे. पण शेजारी एक दुसरे दार आहे, त्याला चोराने हात लावलेला नाही. त्या दारातून आपण आत भरू.’

ते दुसरे दार म्हणजे साखर आणि सोडियम यांना जोडीने आत नेणारा वाहक. सायक्लिक जीएमपीने तो बंद होत नाही. म्हणूनच मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली की पाणी त्यांच्यामागून शरीरात शिरते. या साध्या तत्त्वावर जलसंजीवनी उभी आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आल्यावर हीच जलसंजीवनी पिंपांतून वाटली, आणि पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचे सूत्र सुधारले. सध्याच्या पाकिटात एका लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असते, म्हणजे एकास एक.

व्यवहारात लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. त्या तरुण सहकाऱ्यांना ठाऊक आहेतच. घरोघरी ही स्मरणिका जाते म्हणून लिहितो. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये, कारण येथे प्रमाण हेच औषध आहे. दोन वर्षांखालील बालकाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध थांबवू नये. मीठ घातलेली पातळ पेज चालू ठेवावी. जस्ताची गोळी सहा महिन्यांवरील बालकाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याखालील बालकाला १० मिलिग्रॅम, याप्रमाणे १० ते १४ दिवस द्यावी. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत. त्या आतड्याची हालचाल रोखतात, विषाची किल्ली काढत नाहीत. पाण्यासारख्या साध्या जुलाबात प्रतिजैविकांची बहुधा गरज नसते. मात्र शौचात रक्त, खूप ताप, लघवी बंद, गुंगी किंवा काहीच न पिणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी वेळ न दवडता म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळी गाठावी.

शत्रूकडून शिकलेले औषध

ज्या आकाराने अतिसार होतो, त्याच आकाराने बद्धकोष्ठ का बरे होऊ नये? हा प्रश्न औषधशास्त्रज्ञांना सुचला नसता तरच नवल. १४ मण्यांची आणि तीन पुलांची, विषाच्या धर्तीवर बेतलेली लिनाक्लोटाइड ही साखळी २०१२ साली अमेरिकेत दीर्घकालीन बद्धकोष्ठासाठी मान्य झाली. युरोग्वानिलिनच्या १६ मण्यांपैकी एकच बदलून केलेली प्लेकानाटाइड २०१७ साली आली. प्रथिनकुळातील औषध म्हटले की सुई, हा आपला नेहमीचा अनुभव. पण ही दोन्ही तोंडाने घेता येतात. त्यांच्या पुलांनी बांधलेल्या घडीमुळे ती जठरातून शाबूत उतरतात, आतड्याच्या पोकळीतच काम करतात आणि रक्तात जवळजवळ शिरत नाहीत. लहान बालकांना मात्र ती देत नाहीत. कारण निर्जलीकरणाचे भय. त्या भयाचे कारण वरच्या परिच्छेदांत आलेच आहे.

ग्राहीतच जन्मजात बिघाड असेल तर काय होते, हेही निसर्गाने दाखवले आहे. २०१२ साली नॉर्वेतील एका कुटुंबातील ३२ जणांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांच्या ग्राहीतील एका बदलामुळे त्याची प्रतिक्रिया अतिरेकी झाली होती आणि त्यांना लहानपणापासून जुलाबांचा त्रास होता. याच्या उलट, ज्या बालकांत हा ग्राही निकामी असतो त्यांचा जन्मतःच मळ आतड्यात घट्ट बसून मार्ग अडतो, असेही आढळले आहे. कमी झाले तरी रोग, जास्त झाले तरी रोग.

लशीची अडचण

शेवटी एका अपुऱ्या कामाचा उल्लेख करतो. पटकीवर लस आहे. रोटाव्हायरसची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली. मग या उष्णतास्थिर विषावर लस बनवणे इतके कठीण का ठरले? एक तर हे विष इतके लहान आहे की शरीराचे संरक्षण त्याची दखलच घेत नाही. ते एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून दाखवावे लागते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. विषाचा आकार ओळखण्यास शिकलेली प्रतिपिंडे उद्या त्याच आकाराच्या आपल्याच ग्वानिलिनवर आणि युरोग्वानिलिनवर उठली तर? चोराचे वर्णन देताना ते घरधन्याशीच जुळते, अशी ही परिस्थिती. म्हणून संशोधक विषातील एखाददुसरा मणी असा बदलून पाहतात की त्याचा विषारीपणा जावा, घडी ओळखू येण्याइतकी राहावी, आणि तरीही ती घरच्या संप्रेरकापासून वेगळी दिसावी. तेरा मण्यांच्या जागेत एवढ्या तीन अटी पाळणे हे मोठ्या कसबाचे काम आहे.

विद्यार्थीदशेत आपण जैवरसायन परीक्षेपुरते वाचले आणि सोडून दिले, अशी आपल्या पिढीतील अनेकांची भावना आहे. मला मात्र वर्षे सरतात तसे वाटू लागले आहे की, आपण रोज रुग्णाला जे सांगतो त्यातील बरेचसे अशा एखाद्या न दिसणाऱ्या घडीवर उभे असते. ती घडी समजली की सांगणे सोपे होते आणि ऐकणाऱ्याला पटते. तशी लस येईल तेव्हा येवो. तोवर पाणी उकळणे, हात धुणे, विहिरीजवळ सांडपाणी साचू न देणे आणि घरात जलसंजीवनीची दोन पाकिटे ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या संघाच्या प्रत्येक सदस्याने आपल्या वाड्यावरील अंगणवाडीत जाऊन अर्धा तास एवढेच समजावून सांगावे, अशी माझी सर्व सहकाऱ्यांना नम्र सूचना आहे.